येळवशीची हाक

माझा लेक विनोद आजकाल स्वतःच्या घरात हळू बोलतो. ही काय रीत झाली? घर त्याच्या बापानं बांधलेलं, भिंती दगडाच्या, दारात म्हशी, आणि हा चहा मागतो तर असा, जणू दुसऱ्याच्या घरात शिरलाय आणि मालक पलीकडं झोपलाय. आमच्या घराण्यात हळू बोलणारा माणूस झालाच नाही. माझे मालक शिवारातून हाक मारायचे आणि मी चुलीपुढून ओ द्यायची. सासरा तर देवाशीसुद्धा भांडल्यासारखा बोलायचा. आणि ह्याचे नुसते ओठ हलतात.

"घसा बसला का रं?" मी विचारलं.

"न्हाई."

तेसुद्धा हळू. वर दाराकडं बघून.

सुरवातीला मी सुनेवर आळ घेतला. वर्षाराणी धर्माबादची, मिरचीच्या बाजारातली, जीभही तिथलीच घेऊन आली. मला वाटलं, हिनंच नवऱ्याचा आवाज दाबला. तसं तिला म्हटलंही.

"आत्याबाई," ती म्हणाली, "दाबायला आदी आवाज असावा लागतो. तुमी ठेवला हुता का थोडा शिल्लक?"

अशी आहे ती. मी उत्तर दिलं असतं, पण दूध उतू जात होतं.

हे सगळं दसऱ्यानंतर सुरू झालं. आमची मादळवाडी उदगीरच्या खालच्या अंगाला, काळ्या रानातली. तिथं विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या. आतलं तांबं विकलं जातं म्हणे. लोक बेजार झाले. तेव्हा सिद्धराम पुढं आला. उदगिरात त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे, तोंड गोड आहे. मला आक्का म्हणतो, दिसलं की पाया पडतो, आणि पाया पडता पडता घरात कोण बसलंय ते बघून घेतो. वाकलेला माणूस खालून किती बघतो, हे मी त्याच्याकडं बघून शिकले.

त्यानं पारावर माणसं जमवली आणि राखण समिती काढली. एका गल्लीतून एक माणूस. आमच्या गल्लीतून विनोद. लेकाला मान मिळाला म्हणून मी त्या दिवशी शिरा केला.

समितीनं आधी सांगितलं, अंगणात रात्रभर दिवा ठेवा. ठेवला. मग सांगितलं, समितीची पोरं गस्तीला निघाली की कुत्री भुंकतात, चोर सावध होतो, तर कुत्री नकोत. एका सकाळी टेम्पो आला आणि गावातली कुत्री भरून कुठल्या तरी रानात सोडून आला. आमचा म्हातारा खंड्याही गेला. चोरासाठी कुत्रं पाळायचं का चोरापायी कुत्रं घालवायचं, हे उलटं शाणपण मला पटेना. पण केबली जायच्या थांबल्या होत्या. लोक म्हणाले, चालतंय.

त्या दिवशी खंड्याची रिकामी साखळी उचलून ठेवताना मी थबकले. गावातली कुत्री नेल्याचं मी आधी कुठंतरी ऐकलं होतं.

सटवाजी भाऊजींच्या पुस्तकात.

सटवाजी माझे धाकटे दीर. हदगावकडं शाळामास्तर होते, लग्न केलं नाही. त्यांनी एक कादंबरी लिहिली होती, नाव 'राखण्या'. पदरचा पैसा घालून नांदेडला छापली आणि गाडीभर पुस्तकं घेऊन आले. भुताची कादंबरी म्हणून लोकांनी हौसेनं नेली आणि शिव्या देत परत आणून टाकली, कारण तिच्यात भूत दिसतच नाही. ना उलटे पाय, ना पांढरं लुगडं. उरलेली पुस्तकं वाण्यानं शेंगदाण्याच्या पुड्या बांधायला नेली. भाऊजी पुढं त्या दुकानासमोरून कधी गेले नाहीत, वळसा घालून जायचे. ते वारले तशी त्यांची कादंबरीही लोकांच्या डोक्यातून गेली. एक प्रत माझ्या ट्रंकेत लुगड्यांखाली राहिली होती. तिचीही शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली.

मी तिसरीपर्यंत शिकले. बोट ठेवून, ओठ हलवून वाचते. जोडाक्षर आलं की नांगर दगडाला अडतो तशी अडते, मग जोर लावून पुढं जाते. तरी वाचायला बसले.

कादंबरीत एक गाव आहे. रानातून कसला तरी आवाज येतो म्हणून गाव भितं आणि एक राखण्या ठेवतं. तो कुणाला दिसत नाही. त्याचा कंदील तेवढा गल्लीगल्लीतून फिरतो. राखण्या आधी दारात दिवा मागतो. मग कुत्री मागतो. मग म्हणतो, घरी पाहुणा आला तर मला सांगा. मग म्हणतो, मी एकटा कुठं कुठं बघू, घरटी एक नाव द्या. कंदील दारापुढं थांबला की आतल्या माणसानं एक नाव बोलायचं. हळू. ज्याचं नाव गेलं त्याला गावानं हाक मारायची नाही. आणि हाक थांबली की माणूस विरत जातो. आधी त्याच्या पोहऱ्याचा विहिरीत आवाज होत नाही. मग त्याची सावली पडत नाही. मग शेजारीच एकमेकांना विचारतात, हितं कुणी ऱ्हायचं का हो?

भाऊजींना बायकांचं काही कळत नव्हतं. पुस्तकातल्या बायका पदर तोंडात धरून नुसत्या रडतात. एकही उठून तो कंदील फोडत नाही. मी असते तर पहिल्या पानावर फोडला असता आणि कादंबरी तिथंच संपली असती. पण कुत्र्यांचं पान वाचून झालं तेव्हा मी उठले आणि भर दुपारी दाराला कडी लावली.

दिवाळी झाली आणि पारावर भोंगा आला. दिवेलागणीला सिद्धराम त्यावर बोलायचा. कुणाकडं कुठला पाहुणा उतरला, कोण कधी जाणार. आधी मजा वाटायची. बायका भाकरी थापता थापता ऐकायच्या. एका सकाळी मी चुलीपुढं बसून म्हटलं, "नुसतं गोड असून भागत असतं तर गुळाच्या ढेपीलाच सरपंच केलं असतं." तेव्हा तिथं विनोद होता, सून होती आणि विरजण मागायला आलेली मागच्या गल्लीतली उमादेवी होती, तिचा नवराही समितीत. सगळे हसले. विनोदसुद्धा.

संध्याकाळी भोंगा बोलला, "काही वडीलधाऱ्या माता चुलीपुढं बसून समितीची थट्टा करतात, गुळाच्या गोष्टी करतात. त्यांनी ध्यानात घ्यावं, समिती त्यांच्याच राखणीसाठी आहे."

आवाज गोडच होता. माझ्या तव्यावरची भाकर करपली. माझी भाकर करपत नसते.

तेव्हापासून घर मला घर वाटेना. सुनेचा मोबाईल चुलीच्या वरच्या फळीवर पालथा पडलेला असायचा. पालथा काहून? कान लावून बसल्यासारखा? मी तो उचलला आणि तांदळाच्या डब्यात पुरला.

"आत्याबाई, त्यो शिजत नसतोय," सून म्हणाली.

"पण ऐकत असतोय."

उमादेवीचंही तेच. रोज विरजण लागतं का कुणाला? घरात दही लावते का दुकान? ती आली की मी बोलणं म्हशींवर नेऊ लागले. म्हशींवर बोलता बोलता वाटायचं, हिच्या नवऱ्याला म्हशींचंही काही सांगायचं असेल तर? घरात तीन माणसं आणि तिघांनी तीन दिशांना बघून जेवायचं, असं चाललं होतं. मला उठता-बसता वाटायचं, ह्यातलं कुणीतरी माझं बोलणं उचलून पारावर नेऊन ठेवतंय.

अशातच भोंग्यावर आनंदराजचं नाव आलं.

आनंदराज पारूबाईचा लेक. पारूबाई आमच्या गावच्या बौद्धवाड्यातली, तिची एक पट्टी माझ्या शेताच्या बांधाला लागून आहे. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात ह्या गावात नांदायला आलो. भांडणं बांधावरून केली, आंबील एका तांब्यातून प्यालो. माझ्या सासूच्या काळात येळवशीला, रानात जेवायच्या सणाला, तिला लांबून वाढायचे. सासू गेली त्या वर्षी मी पारूला कडब्याच्या कोपीत घेतलं आणि माझ्या शेजारी घोंगडीवर बसवलं. भावकीनं तोंडं वाकडी केली. मी म्हटलं, राहू द्या वाकडीच, सरळ होती तेव्हा तरी कुठं देखणी होती.

तिचा आनंदराज उदगीर स्टेशनवर मालगाडीत धान्य भरणाऱ्या हमालांचा मुकादम आहे. गाडी लागेल तेव्हा काम, म्हणून पोरगं अवेळी घरी येतं. भोंगा म्हणाला, "एका माणसाविषयी समितीकडं नाव आलं आहे. चौकशी होईपर्यंत आनंदराज आणि त्याच्या घरच्यांना कुणी कामाला बोलवू नये, हाक मारू नये."

केबल सापडली नव्हती. कुणी तक्रार दिली नव्हती. नुसतं 'नाव आलं आहे.' कालच मी पुस्तकातलं ते पान वाचलं होतं.

मी दुसऱ्या दिवशी पारूकडं गेले, मुद्दाम भर गल्लीतून. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"केस करा म्हणावं त्येच्यावर," मी म्हटलं.

"करून राहिला न्हवं आनंदराज. वकिलाकडं गेलाय." पारूनं एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. "पर तारा, केस करून भोंगा बंद हुईल. हाक कुठून आणू?"

"म्हंजी?"

"दुकानात गेले, तर दुकानदार मला बघून फळीवरचे डबे पुसाय लागला. नळावर बाया घागर सरकवून जागा देत्यात, पर 'पारूबाई ये' कुणी म्हणत न्हाई. कालच्याला मीच माझं नाव मोठ्यानं घेऊन बघितलं. येड्यावानी." ती हसली, पण दाणे तिच्या हातातून सांडले. "येळवशीपतूर वाट बघते. त्या दिशी कुणी बलावलं तर ऱ्हाईन. न्हाईतर नांदेडला लेकीकडं जाईन. पट्टी पडू दे पडीक."

मार्गशीर्षाच्या अवसेला आमची येळवस. सारं गाव घराला कुलपं घालून रानात जातं. शेताशेतात कडब्याची कोप उभी राहते, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पुजतात. आणि वाटेनं कुणीही जाऊ दे, ओळखीचा असो नसो, दुष्मन असो, घरच्या कारभाऱ्यानं हाक मारून त्याला जेवायला बोलवायचं. त्या दिवशी ज्याला कुणी बोलावत नाही तो जिता असून मेल्यासारखा.

"मी बलावीन की," मी म्हटलं.

"तू बलावशीलच. पर हाक कारभाऱ्याची असती. इनोद मारंल का?"

असं म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि लगेच शेंगांकडं पाहिलं. ते दुसरं पाहणं मला आवडलं नाही.

"माझा लेक हाय त्यो," मी म्हटलं.

मग मी ठरवलं, एकदा पाखडून बघायचं. खडा कुठल्या सुपात आहे ते कळलं पाहिजे. सुनेला एकटीला गाठून म्हटलं, "माझा भाचा येऊन राहिला हदगावहून, पारावर सांगू नको." उमादेवीला विरजण देताना म्हटलं, "आजपासून अंगणातला दिवा मी लावणार न्हाई, कुणाला बोलू नकोस." आणि विनोद जेवायला बसला तेव्हा त्याच्या कानाशी, त्याच्यासारखंच हळू, म्हटलं, "भाऊजीच्या पुस्तकाचं शेवटचं पान सापडलं मला. राखण्या कोण हुता त्येचं नाव हाय त्यात. येळवशीला कोपीपुढं वाचून दाखवते साऱ्यांना."

त्याचा घास हातात राहिला. "कशाला माय," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी भोंग्यावर भाच्याचं काही आलं नाही. दिव्याचंही आलं नाही. सून आणि उमादेवी दोघी चोख निघाल्या. खरं सांगू, मला थोडं वाईटच वाटलं. सुनेवर ठेवलेला संशय असा फुकट जावा, हे काही बरं नाही.

सकाळी सिद्धराम दारात. वाकला, पाया पडला, आत बघून घेतलं.

"आक्का, आमच्या सटवाजी मास्तरांचं पुस्तक हाय म्हणं तुमच्याकडं. गावचा ठेवा हाय. समितीकडं जपून ठेवतो."

"कुणी सांगितलं?"

"गावात काय लपतंय का आक्का?"

"केबल लपली की."

तो हसला. दात पांढरे आहेत त्याचे. "शेवटच्या पानावर कुणाचं तरी नाव हाय म्हणं. पुस्तकातली गोष्ट, पर लोक भलता अर्थ काढत्यात."

"तुझं नाव न्हाई, भिऊ नको. येळवशीला ये ऐकाया. आन सिद्धराम, वाकून बघायचं तेवढं बघून झालं असंल तर आता सरळ उभा ऱ्हाऊन जा."

तो गेला. दारात त्याच्या चपलांच्या धुळीवर मी पाणी टाकलं. मग गोठ्यात गेले.

विनोद म्हशीच्या कासेला बसला होता. धार बादलीत वाजत होती. मी म्हटलं, "शेवटच्या पानाचं मी तुला एकट्याला सांगितलं हुतं."

धार थांबली.

"आन गुळाचं?"

म्हशीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं, तिलाही कळलं असावं.

"माय, हळू बोल," तो म्हणाला.

"म्हशींना बी भितोस?"

मग त्यानं सांगितलं, इतकं हळू की मला खाली वाकावं लागलं. समितीत बसलं की दर आठवड्याला काहीतरी न्यावं लागतं. कोण काय बोललं, कोण हसलं. नेलं नाही तर सिद्धराम काही बोलत नाही, नुसता बघत राहतो, मग बाकीचेही बघत राहतात. आणि मागच्या महिन्यात त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं, प्रत्येकानं एक नाव आणायचं. संशय कुणावर आहे ते. रिकाम्या हातानं यायचं नाही.

"मग तू कुणाचं नेलंस?"

"मी न्हाई दिलं तर माझंच कुणीतरी दिलं असतं माय. उमादेवीचा नवरा माझ्याकडंच बघत हुता."

"कुणाचं?"

"अवेळी येतोय न्हवं त्यो. म्हणून." त्यानं बादलीत बघितलं. "आनंदराजचं."

भाऊजींच्या पुस्तकात कंदील दारापुढं थांबतो तेव्हा आतला माणूस कोण असतो, कसा दिसतो, ते लिहिलेलं नाही. मला आता दिसला. माझ्या पोटचा होता, आणि त्याच्या हाताला दूध लागलेलं होतं.

"त्येचंच काहून? सिद्धरामच्या भावाचं काहून न्हाई? त्यो बी अवेळी येतोय, पिऊन येतोय."

उत्तर मला ठाऊकच होतं. आनंदराजच्या मागं भावकी नाही, पाटीलकी नाही. त्याचं नाव सगळ्यांत स्वस्त पडणार होतं. ढोराच्या बाजारात जसं मरतुकडं आधी विकायला काढतात.

"समितीतून नाव काढ आन आनंदराजचं नाव परत घे."

"एकदा दिल्यालं परत घेता येत न्हाई माय."

"मग येळवशीला हाक मार. कारभारी तू हायस. तुझ्या एका हाकेनं सारं फिरतंय."

तो कासेकडं वळला. पुन्हा धार काढू लागला. त्या दुधाचा चहा मी त्या दिवशी प्याले नाही.

मग मी पारूकडं गेले आणि तिला सांगितलं, नाव माझ्या लेकानं दिलं. लपवलं असतं तर मीही हळू बोलणाऱ्यातली झाले असते.

तिनं मला ओट्यावर बसवलं. मग म्हणाली, "मला अंदाज हुता. त्यो मला बघून रस्ता बदलाय लागला तवाच."

"मला काहून न्हाई बोललीस?"

"तुझा लेक हाय न्हवं त्यो," ती म्हणाली. माझेच शब्द माझ्या पदरात टाकले.

येळवस आली. थंडी होती, ज्वारी कमरेएवढी. पहाटेपासून शेंगभाज्यांची भज्जी रटरटत होती, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबिलीचं मडकं गार करून ठेवलेलं. गाव नेहमीसारखं कुलपं घालून निघालं. नेहमीसारखं, असं मी म्हणते, पण बैलांच्या घुंगरांशिवाय आवाज नव्हता. समितीनं आदल्या दिवशी भोंग्यावर सांगितलं होतं, रानात अनोळखी माणसं फिरतात, कुणालाही हाका मारत बसू नका, घरची माणसं घरच्या कोपीत जेवा.

विनोदनं कोपीत पाच दगडांची पूजा केली. तांब्यातली आंबील शिंपडत त्यानं कोपीभोवती फेरी घातली. 'वलगे वलगे सालम पलगे' म्हणायचं असतं तेव्हा, सारं शिवार दणाणलं पाहिजे असं. त्यानं ते पुटपुटलं. आसपासच्या कोपींतूनही कुठं दणका ऐकू आला नाही. सून माझ्याकडं बघत होती. पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच गोष्टीला बघून एकच विचार करत होतो.

मग पारू दिसली. गाडीवाटेनं एकटी येत होती, डोक्यावर टोपलं. पोरगं आलं नव्हतं. तिची पट्टी आमच्याही पलीकडं, म्हणजे तिला सगळ्या कोपींपुढून जावं लागतं.

पहिली कोप आली. तिथली माणसं खाली बघून जेवू लागली. दुसरी आली. एकानं तोंडात उंडा कोंबला, बोलायला जागाच ठेवली नाही. तिसऱ्या कोपीतली बाई पदर डोळ्यांवर ओढून चुलीला फुंकर घालू लागली, चूल पेटलेली असताना. उमादेवीची कोप आली. उमादेवीचा हात थोडा वर उठला होता, पण नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं आणि तिनं त्या हातानं केस मागं सारले. भर उन्हात, लख्ख सूर्याखाली, सगळं गाव बसलं होतं आणि वाटेवरून एक बाई चालली होती, आणि कुणालाच ती दिसत नव्हती. मला खरंच वाटलं, आता मी खाली बघितलं तर तिची सावली नसेल. मी बघितलं. होती.

वाटेच्या कडेला सिद्धरामची दोन पोरं मोटरसायकल लावून उभी होती. एकाच्या हातात मोबाईल, आमच्या कोपीकडं रोखलेला.

"इनोद," मी म्हटलं.

तो खाली बघत होता. "माय, त्ये इडिओ काढून राहिलेत."

मग मी उभी राहिले, कमरेवर हात ठेवले आणि मालक मारायचे तशी हाक मारली. "पारू! अगं ए पारू! ये जेवाया!"

हाक पार ओढ्याला आपटून परत आली. सगळ्या कोपींत हात थांबले. पारू थांबली. टोपलं न उतरवता तिनं वळून पाहिलं.

"तुझी हाक मला ठावं हाय तारा," ती म्हणाली. "तुझ्या लेकाची ऐकू दे."

विनोद उठला. उठला, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. सून त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मारा." त्यानं मोबाईलवाल्या पोराकडं पाहिलं, पारूकडं पाहिलं, आणि तोंड उघडलं. ओठ हलले. पारूबाई, असे हलले. आवाज मला, हातभर अंतरावरून, आला नाही.

पारू वाट बघत राहिली. डोक्यावर ओझं घेऊन जितकं थांबता येतं त्याहून जास्त थांबली. मग वळली आणि आपल्या पट्टीकडं चालू लागली.

मी बसले नाही. भज्जीचं पातेलं टोपल्यात ठेवलं, वर उंडे, वर खीर. आंबिलीचं मडकं उचलायला गेले तर सुनेनं आधीच काखेत घेतलं होतं. तिचा मोबाईल घोंगडीवर पडला होता. "राहू दे, आत्याबाई," ती म्हणाली, "ऐकू दे त्याला बी." उमादेवीच्या कोपीत कुणीतरी उठून उभं राहिलं होतं. ऊन डोळ्यावर होतं, कोण ते दिसलं नाही, आणि कशाला उठलं तेही मी आता छातीठोक सांगणार नाही. ह्या गावात उभं राहिलेल्या माणसाचाही मला आता भरवसा नाही.

विनोद पाच दगडांपुढं तसाच उभा होता. "माय, कुठं चाललीस," त्यानं विचारलं. हळू.

मी टोपलं डोक्यावर घेतलं आणि साऱ्या शिवाराला, मोबाईलवाल्या पोरांना आणि त्या मोबाईलमधून सिद्धरामला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगितलं:

"इनोद, शेवटचं पान उंदरांनी खाल्लं, मला कदी सापडलंच न्हाई. पर आता लागतंय कुणाला? सिद्धराम नुसता भोंगा हाय, पारावर टांगलेला. त्यात बोलणारा तू हायस. मी चालले पारूच्या रानात जेवाया. तू सांजच्याला गाव परतलं की आनंदराजच्या दारापुढं उभा ऱ्हा, मी खोटं नाव दिलं म्हणून वरड, साऱ्या मादळवाडीला ऐकू गेलं पायजे. मग घरात ये. तवर चहा लागला, तर भोंग्यावरून माग."